हिवाळ्यात काढलेला नकाशा

बहारीनमधल्या जिदहफ्सच्या बाजारात परवा खुनेझी खजूर आले. लालभडक, एका टोकाला मऊ होत चाललेले आणि दुसऱ्या टोकाला अजून करकरीत. भाजीवाल्याने त्यातला एक उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "नवा माल आहे, चाखून तर बघ," म्हणाला. मी हसलो, खजूर शर्टाच्या खिशात टाकला आणि कोथिंबीर-मिरच्या घेऊन बाहेर पडलो. घरी पोचेपर्यंत तो खिशात चेपला आणि पांढऱ्या शर्टाला चिकट डाग पडला. शाहिदा, माझी बायको, तो डाग धुताना म्हणाली, "खायचा नव्हता तर घेतलाव कशाला?" तिला काय सांगणार? गेल्या उन्हाळ्यापासून हे फळ माझ्या घशाखाली धड उतरत नाही.

आमच्यासारख्यांना बहारीनचा उन्हाळा तसा ठाऊकच नसतो. मला इथे येऊन वीसेक वर्षं झाली, पण शाळा सुटल्या की आम्ही निघालोच. रत्नागिरीचे रत्नागिरीला, पुण्याचे पुण्याला, मी रायगडात बोर्लीला. गोरे साहेब त्यांच्या थंड देशात. मागे उरतात ते इथलेच लोक, आणि ज्यांना लीव्ह मिळत नाही ते मजूर. ऑगस्ट सरता सरता आम्ही परततो, "अजून काय उकडतंय हो," असं एकमेकांना सांगतो आणि मग नोव्हेंबर ते फेब्रुवारी या गोड हवेच्या महिन्यांत जे काही नजरेला पडतं, तेच बहारीन असं धरून चालतो. मीही तेच धरलं होतं. गेल्या वर्षी मात्र कामाच्या गर्दीत माझी लीव्ह नामंजूर झाली, शाहिदा एकटी गावी गेली आणि मला इथला उन्हाळा बघणं भाग पडलं.

काय असतो इथला उन्हाळा? सकाळी दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते. इमारतींच्या भिंतींना घाम सुटतो. गाडीचं दार रुमालाने उघडावं लागतं, आणि दुपारी उन्हातली कामं बंद ठेवायचा नियम असल्याने रस्ते असे सुनसान होतात की कुठे तरी संप आहे असं वाटावं. मी पहिले पंधरा दिवस नुसता चडफडत होतो. मग एका संध्याकाळी खिडकीखालच्या खजुराकडे लक्ष गेलं. त्याचे घोस हिरव्याचे पिवळे झाले होते आणि कुणी तरी प्रत्येक घोसाला जाळीचं टोपरं बांधून ठेवलं होतं. ज्या दिवसांना आम्ही टाकून पळतो, त्याच दिवसांत हा देश पिकतो, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. कळल्यावर जरा ओशाळायला झालं, पण ते ओशाळणं तेव्हा अजून फुकटातलं होतं.

माझं काम नकाशांचं. एका सल्लागार कंपनीच्या ड्रॉइंग सेक्शनचा मी प्रमुख आहे. उत्तरेच्या किनाऱ्यावर भराव टाकून एक रस्ता न्यायचा होता आणि त्याआधी जमिनीचा सध्याचा वापर दाखवणारा नकाशा आम्ही करत होतो. घरं असतील तिथे एक रंग, बाग असेल तिथे दुसरा, होड्या लागतात तिथे तिसरा, आणि जिथे काहीच नाही तिथे कोरं. कोरं म्हणजे मोकळं, आणि मोकळं म्हणजे भराव टाकायला कुणाची हरकत नाही. आमची रीत ठरलेली असते. पाया म्हणून जुना इंग्रजी नकाशा घ्यायचा, त्यावर आजची उपग्रहाची चित्रं बसवायची आणि थंडीत साइटवर एक फेरी मारून खात्री करायची. उन्हाळ्यात कोण जातंय मरायला? तसे आम्ही जानेवारीत जाऊन आलो होतो. एक वाळूचा पट्टा, चार वाकडी खजुराची झाडं, एक पालथी होडी. मी तो पट्टा कोरा ठेवला.

झैनब आमच्या सेक्शनमध्ये नव्यानेच लागलेली इंजिनिअर. त्याच किनाऱ्यामागच्या गावची. गावाचं नाव मी लिहीत नाही, उगाच पोरीला त्रास नको. जूनमध्ये एकदा ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "मिस्टर रशीद, इथे आमचं गाव असतं."

"गाव तर मागे आहे. दाखवलंय की."

"ते हिवाळ्याचं. उन्हाळ्यात आम्ही इथे असतो."

आमचं बोलणं इंग्रजीत चालतं, अधूनमधून अरबी. मी सवयीने विचारलं, "कागद आहे काही?"

"कागद मफी," ती म्हणाली. आम्हा परदेश्यांशी बोलायचा हा खास शब्द, 'नाही'साठी, आणि तो तिने मुद्दाम वापरला. "कागद नाही, उन्हाळा आहे. या बघायला."

तर मी गेलो. जुलैतली एक दुपार कलत होती. झैनबच्या घरात थंडगार मजलिस, म्हणजे बैठकीची खोली, भिंतीला लागून गाद्या, मधोमध गहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, किटली आणि ताटात खुनेझी. समोरच्या भिंतीवर चौकटीत बसवलेला एक नकाशा. मी तो ओळखला. ऑफिसात आम्ही पाया म्हणून वापरतो तोच, गोऱ्यांच्या अमदानीत मोजून काढलेला.

"आवडला ना?" झैनबचे वडील म्हणाले. सगळे त्यांना उस्ताद हसन म्हणतात. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, इस्त्रीचा पायघोळ पांढरा थोब, बोलताना हवेत रेघा काढायची सवय. "शूफ, बघा, मिस्टर रशीद, या नकाशावर मी मुलांच्या किती पिढ्या शिकवल्या. इंग्रजांना मी नावं ठेवतो, ठेवणारच. पण मोजणी करावी तर त्यांनी."

"युब्बा, त्या मोजणीत आपला किनारा कोरा आहे," झैनब वडिलांना म्हणाली.

"मग नसेल तिथे काही."

"यम्मा तिथे जन्मली!" यम्मा म्हणजे आई; उस्तादांच्या आईला, म्हणजे आपल्या आजीला, झैनबही यम्माच म्हणते.

"यम्मा काय, खूप काही सांगते." उस्ताद माझ्याकडे वळले. दोन शिकलेली माणसं तिसऱ्याच्या आईबद्दल बोलताना वळतात तसे. "आमच्या लोकांची अडचण हीच. आम्ही बोललो, इंग्रजांनी लिहिलं. आज आमचे पुढारी सरहद्दीवरून भांडतात तेव्हा दोन्ही बाजू काय पुढे करतात? इंग्रजांचा नकाशा, इंग्रजांची टिपणं. शिव्याही त्यांनाच आणि साक्षीदारही तेच!" ते स्वतःच्या बोलण्यावर खूश होऊन हसले. मीही हसलो. झैनब हसली नाही.

मला तेव्हा वाटलं, माणूस बिचारा गोऱ्यांच्या शाळेत बिघडला. आता वाटतं, हसणारा दुसरा कोण होता? गोरे हा देश सोडून गेले हे खरं, झेंडा बदलला, शिक्के बदलले. पण पुरावा कशाला म्हणायचं, ते मात्र त्यांनी जाण्याआधी ठरवून ठेवलं, आणि त्यांच्यामागे ते ठरवणं आम्ही सगळे निमूटपणे पुढे चालवत आलो. अरबांच्या मागासलेपणावर आमच्या डब्याच्या वेळी फार विद्वत्तापूर्ण चर्चा होतात. यांना काही करता येत नाही, सगळं बाहेरच्यांकडून करून घेतात, वगैरे. बाहेरचे म्हणजे आपणच, हे त्या चर्चेत कुणाला आठवत नाही. आणि करून घ्यायची सवय लावली कोणी, हेही कुणी विचारत नाही. कागदावर इंग्रजी लिहिणारा दुसरा हात हवाच, असा या देशाचा कारभार ज्या काळात बेतला गेला, त्या काळात तो दुसरा हात मुंबईहूनच यायचा. इथे अजून शंभर फिल्सना म्हातारी माणसं रुबिया म्हणतात, कारण एके काळी इथे आपलाच रुपया चालायचा. बटाट्याला आलू म्हणतात, पंख्याला बनका. नव्याने आलेल्या मंडळींना मी हे शब्द मोठ्या कौतुकाने ऐकवायचो, बघा आपली संस्कृती कुठवर पोचली! संस्कृती कुणाच्या बोटीतून आली, हे सांगायचं राहून जायचं.

ऊन उतरल्यावर आम्ही किनाऱ्यावर गेलो आणि मी जागच्या जागी थांबलो. जानेवारीत जिथे पालथी होडी आणि वाळू होती, तिथे खजुराच्या झावळ्यांची खोपटी रांगेने उभी होती. यांना इथे बरस्ती म्हणतात. आमच्याकडे नारळाच्या झावळ्यांची झापं विणतात, जवळपास तसंच विणकाम. वारा आत येतो, ऊन बाहेर राहतं. चटया पसरल्या होत्या. कुणी वायर ओढून पंखा लावला होता. बायका मशमूम निवडत बसल्या होत्या, हा आपल्या सब्जाचा भाऊ, केसांत माळतात. त्याचा वास, मासळीचा वास, पिकलेल्या खजुराचा आंबूस वास आणि घामाचा वास, सगळं एकात एक. मुलं कमरेएवढ्या पाण्यात नुसती ओरडत होती. पाणी तरी कुठलं, दोन्ही बाजूंनी जुन्या भरावांनी आवळलेली एक खाडीच उरली आहे. पण त्या खाडीला भरती येत होती, आणि लोक तिच्याकडे आपल्या माणसाकडे बघावं तसे बघत होते. दिवसा कामाला, शाळेला, दवाखान्याला जाणारं सगळं गाव संध्याकाळ झाली की इथे येतं आणि बरेच जण इथेच झोपतात. पहिला खजूर लाल झाला की बरस्ती उभ्या राहतात, शेवटचा घोस उतरला की मोडतात. थंडीत बघायला जाल तर वाळू. या उन्हाळा काढायला जाण्याला त्यांचा एक शब्द आहे, मला तो अजून नीट उच्चारता येत नाही.

हज्जिया, म्हणजे झैनबची आजी, कडेच्या बरस्तीत बसली होती. काळा अबाया, हनुवटीवर निळं गोंदण, हातात झावळीचा पंखा. तिचं थोडं हिंदी आणि माझं मोडकं अरबी, एवढ्या भांडवलावर आमचं बोलणं सुरू झालं.

"बैठो, वलदी. खाओ." वलदी म्हणजे बाळा. मी पन्नाशीचा, पोट सुटलेला बाळ तिच्यासमोर मांडी घालून बसलो. "हिंदी?" म्हणजे हिंदुस्थानातला का, असं.

"हो, हिंदी."

"मोजायला आलास?"

मी झैनबकडे बघितलं. तिने खांदे उडवले. "हो," मी म्हणालो.

म्हातारी पंखा थांबवून हसू लागली. मग तिने जे सांगितलं ते तिच्या आईकडून ऐकलेलं होतं, तिच्या जन्माच्याही आधीचं. साखळ्या आणि खांब घेऊन माणसं आली होती. गोरा साहेब लांब घोड्यावर. मोजणारा मात्र हिंदी, काळी टोपी घातलेला, थंडीने कुडकुडणारा. किनाऱ्यावर तेव्हा कुणी नव्हतं. हिच्या आईने मागच्या गावातून येऊन त्याला दाबून ठेवलेला जुना खजूर दिला, पाणी दिलं आणि सांगितलं, इथे आमची घरं असतात, लिही. तो म्हणाला, घरं तर दिसत नाहीत. ती म्हणाली, उन्हाळ्यात ये, मग दिसतील. तो खजूर खाऊन हात झटकत म्हणाला, उन्हाळ्यात येतो.

"इंशाल्लासुद्धा म्हणाला," हज्जियाने जोडलं. "आई मरेपर्यंत सांगायची, तो हिंदी येईल. चांगला होता." मग माझ्या गुडघ्यावर तिने पंखा टेकवला. "उशीर केलास. पण आलास."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसलो आणि तोंडात खजूर घातला. इतका गोड खजूर मी आयुष्यात खाल्ला नव्हता, हे मला आज लिहितानाही कबूल करावं लागतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी जुन्या नकाशाची मूळ प्रत मोठी करून बघितली. एरवी आम्ही समास कापूनच वापरतो, कामाचा भाग तेवढा घेतो. खालच्या समासात बारीक अक्षरांत मोजणीचे महिने दिले होते: डिसेंबर ते फेब्रुवारी. मी खुर्चीत मागे रेललो. म्हातारीची गोष्ट खरी होती, आणि ती खरी आहे हे त्यांच्याच कागदावर छापलेलं होतं. साहेबाला उन्हाळा सोसवत नाही, म्हणून मोजणी थंडीत. मोजणी थंडीत, म्हणून किनारा रिकामा. तेव्हा रिकामा, म्हणून आजही रिकामा. त्याच समासाच्या कोपऱ्यात नकाशा काढणाऱ्याचं नाव होतं. शाई उडालेली, पुढची अक्षरं गेलेली, शेवटी इंग्रजीत 'कर' एवढंच उरलेलं. काळी टोपी घालून कुडकुडणारा तो माणूस कुठला असेल? दापोलीकडचा, पेणकडचा, कुठलाही. माझं आडनाव बोर्लीकर आहे.

झैनबला दाखवलं तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या, भर ऑफिसात. त्याच संध्याकाळी तिने तो समास छापून वडिलांपुढे ठेवला. मी तिथे होतो. उस्तादांनी चष्मा पुसला, परत वाचलं, भिंतीवरच्या चौकटीकडे बघितलं. त्यांच्या चौकटीतल्या प्रतीलाही समास नव्हता. ते म्हणाले, "म्हणजे मी मुलांना हिवाळाच शिकवत राहिलो." मग उठून आतल्या खोलीत आईजवळ जाऊन बसले. काय बोलले ठाऊक नाही, पण म्हातारीचं हसणं बाहेरपर्यंत ऐकू आलं.

तिथेच सगळं संपलं असतं तर हा लेख मी मोठ्या आनंदात लिहिला असता. पुढचं काम सोपं होतं. त्या पट्ट्यावर एक रंग भरायचा आणि खाली लिहायचं, इथे दर उन्हाळ्यात गाव राहतं. भराव मग तिथून सरकवावा लागला असता, रस्त्याला जरा वळण पडलं असतं. झैनबने तसं टिपण लिहिलंही. आमच्याकडे रीत अशी की इथल्या मुलामुलींनी लिहिलेलं काहीही साहेबाकडे जाण्याआधी आम्हा हिंदी माणसांच्या हाताखालून जातं, इंग्रजी साफ करायला. झैनब परदेशात शिकून आलेली आहे, तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. तरी रीत ती रीत.

आमचे साहेब माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान, सभ्य माणूस. आवाज चढवत नाहीत, दार स्वतः उघडून धरतात. त्यांनी टिपण वाचलं आणि म्हणाले, "रशीद, यात तथ्य आहे. मला स्वतःला हे फार सुंदर वाटतं. पण पायाचा नकाशा हा पायाचा नकाशा. एका गावासाठी तो उघडला तर उद्या सगळी गावं दारात उभी राहतील. त्यांचं म्हणणं म्हणून परिशिष्टात टाक. नकाशात नको." मग दारापर्यंत सोडायला आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात तुझी लीव्ह नक्की हं. तू थकलेला दिसतोस." मी थँक्यू म्हणालो. तोंडातून आपोआप गेलं. माझा व्हिसा त्याच महिन्यात रिन्यू व्हायचा होता, हे त्यांनी काढलं नाही आणि मीही काढलं नाही. कुणी मला धमकी दिली नव्हती. दिली असती तर निदान सांगायला काही तरी झालं असतं.

झैनबचं वाक्य होतं: गाव दर उन्हाळ्यात इथे राहतं. मी ते साफ केलं. उन्हाळ्यात या भागात काही लोकांचं येणं-जाणं असतं, असं काही रहिवासी सांगतात.

तिने ते वाचलं. "काही रहिवासी म्हणजे कोण?"

"अगं, ही रिपोर्टची भाषा असते."

"कुणाची भाषा?"

मी पेनाला टोपण लावलं. ती मला उलट बोलली नाही, साहेबाकडे गेली नाही. कागद घेऊन जागेवर जाऊन बसली, आणि तेव्हापासून माझ्याशी बोलताना जास्त अदबीने बोलू लागली.

स्वतःशी मी पुष्कळ सारवासारव केली. मी कोण? ना या देशाचा नागरिक, ना त्या साहेबाच्या देशाचा. मधल्या पायरीवरचा माणूस, वरून आलेलं खाली द्यायचं आणि खालून आलेलं घासूनपुसून वर. पण मधल्या पायरीवर उभं राहिल्याशिवाय वरच्याला वर राहता येत नाही, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. आणि बोर्लीला आमच्या घरामागून एक पाणंद जाते, तिची सातबाऱ्यावर नोंद नव्हती. शेजाऱ्याने तिथे कुंपण घातलं तेव्हा मी तलाठ्याच्या कचेरीत खेटे घातले, टेबलावर हात आपटून ओरडलो, की पिढ्यान्‌पिढ्या आम्ही इथून जातो, तुमच्या कागदात नाही तर कागद चुकीचा! तलाठी बघत राहिला. कुंपण निघालं. तो हात आपटणारा माणूस मीच होतो. विमानात बसून इकडे येताना तो कुठे उतरून राहतो, कळत नाही.

हिवाळ्यात हज्जियाला श्वासाचा त्रास होऊन सलमानियाच्या इस्पितळात ठेवलं होतं. मी सफरचंदं घेऊन गेलो. नाकाला नळी, तरी डोळे तेच. उस्ताद हसन पायथ्याशी बसले होते. ते आता मला भेटले की आईच्या तोंडच्या गोष्टी सांगतात, कुठल्या झाडाखाली कुणाची बरस्ती असायची वगैरे. भूगोल शिकवायचे त्याच ऐटीत, हवेत रेघा काढत. त्यांना वाटतं, मी त्या कुठे तरी लिहून घेतोय. म्हातारीने विचारलं, "नकाशा झाला?"

"होतोय," मी म्हणालो.

"माझी बरस्ती कडेला काढ. वारा लागतो तिकडे."

"हो, यम्मा." मी तिला पहिल्यांदाच यम्मा म्हणालो आणि तेही खोटं बोलताना. खाली येऊन गाडीत कितीतरी वेळ बसून राहिलो. ती त्या दुखण्यातून उठली. मला आनंद झाला, खरंच झाला, आणि त्या आनंदाच्या पोटात भीती होती. ती उन्हाळ्यापर्यंत जगणार आणि विचारणार.

त्या पूर्वीच्या 'कर'चा मी आता रोज विचार करतो. आधी राग यायचा. आता मीच त्याचा वकील बनतो. त्याची बदली झाली असेल, त्याला आजार झाला असेल, साहेब नको म्हणाला असेल. उन्हाळ्यात येतो म्हणाला तेव्हा कदाचित त्याच्या मनात यायचंच असेल. काही झालं तरी त्याला एक गोष्ट सांगता येईल: मी घरं बघितली नव्हती. मला तेही सांगता येत नाही. मी बघितली. पंख्याच्या वाऱ्यात बसलो, खाडीची भरती बघितली, खजूर खाल्ला, आणि परत येऊन हिवाळाच काढला.

नकाशाची शेवटची प्रत या आठवड्यात आली. किनाऱ्याचा पट्टा कोरा आहे, छान स्वच्छ. कोपऱ्यातल्या 'तपासले' या चौकटीत माझं नाव छापलेलं आहे, त्याखाली सही तेवढी करायची बाकी. उद्यापर्यंत द्यायची आहे आणि मी देणार आहे, हे मला माहीत आहे. लीव्ह मंजूर झाली आहे. घरी शाहिदा बॅगा भरते आहे. काल तिने विचारलं, "गावाला जायचा हाय ना? मग तोंड पाडून काय बसलाव?"

आज सकाळी झैनब माझ्या टेबलाशी आली. हातात झावळीची विणलेली टोपली, वर ओला कपडा. टोपली तिने नकाशावरच ठेवली, तेवढीच जागा रिकामी होती. कपडा बाजूला केला तर खुनेझी, लाल, पाण्याने चमकणारे.

"यम्माने पाठवलेत," ती म्हणाली. "पहिला घोस. बरस्ती उभ्या राहिल्या काल. ती विचारते, तू या उन्हाळ्यात कधी येणार?"

टोपलीच्या बुडातून पाणी पाझरून कागदावर उतरत होतं. मी टोपली उचलली नाही. माझा खिशातला हात पासपोर्टवर होता.

"येतो," मी म्हणालो. "इंशाल्ला."

झैनबने अगदी अदबीने विचारलं, "मिस्टर रशीद, तिला हेच सांगू?"

मी होकाराची मान हलवली.